रिकामा डबा घेऊन फिरायला

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी विषय दहावीपर्यंत होता, पण त्यात मार्क किती पडले ते इथे लिहिणार नाही. शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या तर संपादक मंडळाला धरा, मला नाही! मॅडम म्हणाल्या, "कविता पुष्कळ आल्यात, तू काहीतरी माहितीपर लिही." आता माझ्याकडे माहितीपर म्हणावी अशी एकच गोष्ट आहे. गेल्या मे महिन्यापासून मी रोज चालते आणि आता मला ते चक्क आवडायला लागलंय.

हसू नका. जी मुलगी हॉस्टेल ते कॅन्टीन एवढ्या अंतरासाठी कोणाची तरी स्कूटी शोधायची, तिच्या बाबतीत ही मोठी बातमी आहे.

माझं गाव नरखेड तालुक्यात आहे. नागपूर जिल्ह्याचं हे अगदी टोक. एका अंगाला मध्य प्रदेशातलं पांढुर्णा, दुसऱ्या अंगाला वर्धा नदी. नदी ओलांडली की अमरावती जिल्हा, वरुड वगैरे. सगळा संत्र्याचा मुलूख. गावाचं नाव लिहीत नाही, कारण लिहिलं तर दिवाळीनंतर अख्खं हॉस्टेल आमच्या बगीच्यात उतरेल. तर या गावात वाढूनसुद्धा मी गावात कधी चाललेच नाही. सकाळी सहाला दारात कॉन्व्हेंटची बस यायची, संध्याकाळी पाचला दारातच सोडायची. मग होमवर्क, मग ट्यूशन, तेही बाबांच्या गाडीवर. (आमच्याकडे प्रत्येक इंग्रजी शाळेला 'कॉन्व्हेंट'च म्हणतात, तिथे सिस्टर असोत किंवा नसोत. माझ्या शाळेत होत्या.) त्यामुळे गावची पांदण, धुरे, वावरं हे सगळं मला बसच्या खिडकीतून माहीत होतं. टीव्हीत पाहिल्यासारखं.

मग गेल्या मे महिन्यात बाबांचा रिपोर्ट आला. एचबीएवनसी ९.४. ज्यांच्या घरी शुगर नाही त्यांच्यासाठी सांगते, ही तपासणी एका दिवसाची साखर दाखवत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे ते मोजतात, म्हणजे साधारण मागच्या तीन महिन्यांचा हिशेब निघतो. आदल्या दिवशी उपाशी राहून फसवता येत नाही. आपल्या सबमिशनसारखं नाही ते, की शेवटच्या रात्री सगळं पूर्ण! साडेसहा किंवा त्याच्या वर म्हणजे मधुमेह. ९.४ म्हणजे बराच.

घरात कोणी काही बोललं नाही. कारण सगळ्यांना आबाजी आठवत होते. आबाजींना शुगर होती. त्यात पायाच्या नसा बधिर होत जातात, हे तेव्हा घरात कोणाला नीट माहीत नव्हतं. वावरात बाभळीचा काटा तळपायात गेला, तो त्यांना कळलाच नाही. कळला तेव्हा जखम चिघळून आठवडा झाला होता. गुडघ्याखाली पाय काढावा लागला. मी सहावीत होते. आबाजी त्यानंतर दोन वर्षं खाटेवर बसून होते, आणि कोणी आलं की आधी धोतर पायावर ओढून घ्यायचे, एवढंच मला नीट आठवतं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, रोज अर्धा-पाऊण तास चाला. बाबा म्हणाले, "मी शेतकरी माणूस, मला काय चालायला सांगता?" आणि इथेच गंमत आहे. शेतकरी म्हणजे दिवसभर चालतो असं आपल्याला वाटतं. बाबा बगीच्यात मोटरसायकलवर जातात, मोटर सुरू करतात, झाडाखाली उभे राहतात, फोनवर बोलतात, परत गाडीवर येतात. मी सुट्टीत घरी होते. दोन दिवस गुपचूप त्यांच्या खिशातल्या मोबाईलवर पावलं मोजली. पहिल्या दिवशी अडीच हजार, दुसऱ्या दिवशी एकोणीसशे. आकडा दाखवल्यावर ते गप्प झाले. मग म्हणाले, "तू येत असशील तर जातो."

म्हणजे चालायची हौस मला नव्हती. ती अट होती.

मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, त्यामुळे चालायचं तर पहाटे पाचला. पहिले चार दिवस बाबा आले. पाचव्या दिवशी त्यांना नरखेडला जायचं होतं, म्हणून मी एकटीच निघाले. आणि तेव्हा मला कळलं की आमच्या गावात एकट्या मुलीनं काही कारण नसताना चालणं ही किती अवघड गोष्ट आहे. अर्ध्या किलोमीटरमध्ये तीन जणांनी विचारलं. "काय वं, गाडी पंक्चर झाली काय?" "पायी काहून चालली? बस मागं, सोडून देतो." एक काकाजी तर घाबरून म्हणाले, "घरी सारं बरं आहे ना?" सगळे मायेनंच विचारत होते. पण प्रत्येकाला उत्तर देता देता मला आपण काहीतरी चुकीचं करतोय असं वाटायला लागलं. दोन पोरं मोटरसायकलवरून दोनदा गेली, दुसऱ्यांदा हळू. ती काही बोलली नाहीत, पण मी मागे फिरले.

घरी येऊन आजीजवळ चिडचिड केली. आजी चुलीपुढे होती. वर न बघता म्हणाली, "डोक्श्यावर ओझं असलं का बाईले कोणी नाई विचारत कुठी चालली म्हून. रिकाम्या हातानं निंगाली का सारे विचारतेत."

आणि तिनं बाबांचा स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. रिकामा.

खरं सांगते, दुसऱ्या दिवसापासून एकानंही विचारलं नाही! डबा घेऊन चाललेली मुलगी म्हणजे वावरात कोणालातरी जेवण द्यायला चालली आहे. तिला कारण आहे. मी पंधरा दिवस तो रिकामा डबा पांदणीनं नेला आणि आणला. तुम्ही म्हणाल हा भित्रेपणा झाला. झाला. पण ज्या मुलींना चालायला सुरुवात करायची आहे आणि लोकांच्या नजरेची अडचण आहे, त्यांना मी हेच सांगेन की सुरुवातीला एखादा डबा धरा. लोकांना तुमची सवय व्हायला वेळ लागतो. ती झाली की डबा आपोआप घरी राहतो. माझा जूनमध्ये राहिला.

पण लोकांचा प्रश्न सुटला तरी कंटाळ्याचा सुटला नव्हता. रोज तोच रस्ता, तीच झाडं. मी मनातल्या मनात गाणी म्हणून बघितली, व्हायव्हाचे प्रश्न आठवून बघितले. शेवटी आपली ब्रँच कामाला आली. (सिव्हिलला नावं ठेवणाऱ्या कॉम्प्युटरवाल्यांनी हा भाग लक्ष देऊन वाचावा.)

सर्व्हेईंगमध्ये अंतर मोजायची सगळ्यात पहिली आणि सगळ्यात ढोबळ पद्धत म्हणजे पेसिंग. आपलं पाऊल किती लांब ते एकदा ठरवायचं आणि मग मोजत चालायचं. आम्ही प्रॅक्टिकलला ते दहा मिनिटांत उरकलं होतं. आता घरी वेळच वेळ होता. अंगणात तीस मीटरची टेप टाकली, पाच वेळा चालले. सरासरी ४३ पावलं. म्हणजे एक पाऊल ७० सेंटिमीटरला थोडं कमी. मग घरापासून पांदणीच्या शेवटच्या कडुनिंबापर्यंत मोजलं. २१५० पावलं, म्हणजे दीड किलोमीटर. जाऊन-येऊन तीन. मला इतका आनंद झाला की जणू मीच तो रस्ता बांधला!

आता हे पोरखेळासारखं वाटेल, पण याच खेळावर नकाशे झालेत. एकोणिसाव्या शतकात तिबेटमध्ये परक्या माणसाला प्रवेश नव्हता, उपकरणं घेऊन जाणं तर दूरच. तेव्हा सर्व्हे खात्यानं नैनसिंग रावत यांना डेहराडूनला तयार केलं. कसं? ठरावीक लांबीचं पाऊल टाकायला शिकवून. चढ असो, उतार असो, पाऊल तेवढंच. मैलाला साधारण दोन हजार पावलं. हातात जपमाळ, पण तिच्यात १०८ नाही, १०० मणी. दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. बघणाऱ्याला वाटायचं यात्रेकरू जप करतोय. १८६६ च्या जानेवारीत ते असे मोजत मोजत ल्हासाला पोचले. म्हणजे बघा, त्यांच्याही हातात एक 'रिकामा डबा' होताच.

आणि हे सगळं कुठेतरी लांब हिमालयातलं आहे असं समजू नका. भारताचा महासर्व्हे ज्यानं १८०२ साली मद्रासला सुरू केला, तो विल्यम लॅम्बटन आपल्याच विदर्भात वारला. १८२३ च्या जानेवारीत तो काम घेऊन नागपूरकडे येत होता, तेव्हा हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे. मद्रासजवळची साडेसात मैलांची पहिली बेसलाईन साखळीनं मोजायला त्यांना ५७ दिवस लागले होते. आम्ही प्रॅक्टिकलला शंभर मीटरची लाईन टाकून "सर, ऊन लागतंय" म्हणत होतो.

मोजण्याचा फायदा असा झाला की मन गुंतलं. तोटा असा की आकड्यांची चटक लागली. आज तीन किलोमीटर, उद्या चार, मोबाईलवर दहा हजार पावलं झालीच पाहिजेत. मग मी हा दहा हजारांचा आकडा कुठून आला ते शोधलं. माझी समजूत होती की कुठल्यातरी मोठ्या हॉस्पिटलनं ठरवला असेल. तर नाही! १९६५ मध्ये जपानच्या एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा गोल आणि ऐकायला छान, म्हणून जाहिरातीतून जगभर गेला. २०१९ मध्ये अमेरिकेत सुमारे साडेसोळा हजार वयस्क स्त्रियांवर अभ्यास झाला, त्यांचं सरासरी वय ७२ होतं. त्यात रोज २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांमध्येसुद्धा मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साडेसात हजाराच्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. तो अभ्यास म्हाताऱ्या बायकांचा आहे, आपल्याला जसाच्या तसा लागू होणार नाही. पण बाबांना मी एवढंच सांगितलं की दोन हजारांवरून पाच हजारांवर जाणं ही मोठी उडी आहे, दहा हजारांची काळजी नको. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून मोठ्या माणसांना आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. दीडशे मिनिटं म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा अर्धा तास. बस.

वजन कमी होईल या आशेनं मात्र कोणी चालू नका. माझ्या तीन किलोमीटरला शंभर-सव्वाशे कॅलरी लागतात. मेसमधला एक समोसासुद्धा त्यात बसत नाही!

मग शुगरला फायदा कसा? हे मला समजून घ्यायला आवडलं, म्हणून थोडं सांगते. रक्तातली साखर पेशीत जायला दार लागतं. ते दार उघडायचा हुकूम एरवी इन्सुलिन देतं, आणि मधुमेहात तो हुकूम नीट ऐकला जात नाही. पण स्नायू जेव्हा काम करतो, आकुंचन पावतो, तेव्हा साखर आत ओढणारी प्रथिनं इन्सुलिनची वाट न पाहता पेशीच्या काठावर येतात. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप असलं तरी मागचं दार उघडतं. मांड्यांचे स्नायू शरीरातले सगळ्यात मोठे, म्हणून चालणं उपयोगी. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी वाढणारी साखर कमी वाढते. बाबा आता रात्री जेवून अंगणातच फेऱ्या मारतात. आणि आबाजींमुळे आमच्याकडे एक नियम झालाय. चपला बंद. बूट आणि सुती मोजे घालायचे, आणि संध्याकाळी आरशात दोन्ही तळपाय बघायचे. पहिल्या महिन्यात आरसा मी धरायची. आता आई धरते.

चालण्याचं मेकॅनिक्सही फार सुंदर आहे. आपण चालतो तेव्हा टेकलेला पाय म्हणजे उलटा टांगलेला लंबक. टाच टेकवून त्या पायावरून शरीर वर चढतं, तेव्हा वेग थोडा कमी होतो आणि उंची वाढते. मग पुढे घसरताना उंची कमी होते आणि वेग परत मिळतो. पोटेन्शियल आणि कायनेटिक एनर्जीची देवाणघेवाण. चांगल्या वेगात चाललं तर यातून साठ-पासष्ट टक्के ऊर्जा परत मिळते, स्नायूंना फक्त उरलेली भरायची असते. म्हणून तर माणूस तासन् तास चालू शकतो. पण या लंबकाला मर्यादा आहे. शरीर पायाभोवती वर्तुळात फिरतं, त्याला लागणारं केंद्राकडचं बळ गुरुत्वाकर्षणच देतं. म्हणून वेगाचा वर्ग भागिले जी गुणिले पायाची लांबी हा आकडा एकच्या वर जाऊ शकत नाही, पाय जमिनीवरून सुटेल. प्रत्यक्षात तो अर्ध्याच्या आसपास आला की माणूस आपोआप पळायला लागतो. माझा पाय ८५ सेंटिमीटर धरा. उत्तर येतं सेकंदाला दोन मीटर, म्हणजे ताशी सात किलोमीटरच्या थोडं वर. मी पांदणीवर करून बघितलं. खरंच तिथे आल्यावर चालणं अवघड होतं आणि पळणं सोपं! एम-वन पासून आतापर्यंत मी सोडवलेल्या गणितांपैकी हे पहिलं जे माझ्याच पायात खरं झालं.

हेच वाचताना मला आणखी एक गोष्ट सापडली आणि मी पळत आजीकडे गेले. १९८६ साली केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांवर प्रयोग झाला. त्या डोक्यावर किंवा कपाळाच्या पट्ट्यानं ओझं नेतात. स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत ओझं घेऊन चालल्या तरी त्यांना जास्तीची ऊर्जा लागत नव्हती. पुढे १९९५ मध्ये कारण सांगितलं गेलं की ओझं घेतल्यावर त्यांचा लंबक जास्तच चांगला चालतो. (नंतर दक्षिण आफ्रिकेतल्या बायकांवर झालेल्या अभ्यासात मात्र हे फुकटचं ओझं दिसलं नाही, त्यामुळे विषय अजून मिटलेला नाही.) मी आजीला मोठ्या उत्साहानं सांगितलं, "आजी, तू भारा न्यायचीस ना, तो फुकटात जात होता!"

आजी म्हणाली, "फुकट? त्या सायबाले म्हणा, एक भारा उचल अन् माया वावरातून घरी आणून दाखव. मानीचे मणके गेले माये, ते कोनाच्या हिशेबात?"

मी गप्प बसले. चालण्याच्या आनंदावर लेख लिहायला बसलेय खरी, पण आजी साठ वर्षं चालली आणि तिला कोणी विचारलं नाही आनंद होतो का. पहाटे पाण्याला, मग वावरात, मग काड्यांना. मी तिला पुष्कळदा म्हटलं, चल ना आमच्यासोबत. ती म्हणायची, "माये पाय फिरून झाले."

जूनमध्ये पाऊस आला आणि मी पडले. पडले म्हणजे अक्षरशः. काळी माती ओली झाली की काय होते ते मला पुस्तकातून माहीत होतं. दहा ग्रॅम माती एका नळीत पाण्यात, दहा ग्रॅम दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये, चोवीस तास ठेवायचं, पाण्यातली किती फुगली ते बघायचं. फ्री स्वेल इंडेक्स. जर्नलमध्ये मी सुंदर आकृती काढली होती. पण ती माती चपलेला बसून चप्पल दोन किलोची कशी होते, पाऊल उचलताना पाय वर येतो आणि चप्पल खाली राहते, हे जर्नलमध्ये नव्हतं. मे महिन्यात याच मातीत हात जाईल एवढ्या भेगा होत्या. मातीतलं माँटमोरिलोनाइट पाणी पिऊन फुगतं आणि सुकलं की आकसतं. घराच्या भिंतींना तिरप्या चिरा का जातात, डांबरी रस्ता दोन वर्षांत का उठतो, ते मला त्या दिवशी चिखलात बसल्या बसल्या कळलं. बाबा हसत होते. रिपोर्ट आल्यानंतर पहिल्यांदा हसले.

जुलैत कॉलेज सुरू झालं आणि मी नागपूरला आले. वाटलं, संपलं. पण पहिल्याच सकाळी साडेपाचला फोन. "निघालो मी. तू?" मी पांघरुणातून म्हटलं, "हो, निघालेच." खोटं बोलले आणि लाज वाटली म्हणून खरंच उठले. तेव्हापासून आम्ही असेच चालतो. मी इकडे हॉस्टेल ते चौक, बाबा तिकडे पांदण, फोन कानाला. रूममेटला वाटायचं माझं काहीतरी सुरू आहे. सवय लावायची कशी याबद्दल पुष्कळ सल्ले मिळतात, माझा अनुभव एवढाच आहे की तुमची कोणीतरी वाट बघत असलं की उठता येतं. आणि वेळ ठरलेली पाहिजे. "जमेल तेव्हा" म्हटलं की जमत नाही, केटीच्या अभ्यासासारखं.

चालताना माणसं वेगळं बोलतात, हेही मला इतक्यात कळलंय. समोरासमोर बसलं की बाबा बाबा असतात. "पैसे आहेत ना? जेवली ना?" एवढंच. पण बाजूबाजूनं चालताना दोघांची नजर रस्त्यावर असते, एकमेकांकडे बघावं लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीत कडुनिंबापासून परत येताना बाबांनी मला बगीच्यावरच्या कर्जाचा आकडा सांगितला. कसल्याही प्रस्तावनेशिवाय. डिंक्यानं ऐंशी झाडं गेली तेही सांगितलं. मी वीस वर्षांची आहे आणि मला हे माहीत नव्हतं. मी काय बोलू ते न सुचून पावलं मोजत राहिले. तीनशे पावलं झाल्यावर म्हटलं, "पुढच्या सेमला मी हॉस्टेल सोडून दोघींत एक खोली घेते, स्वस्त पडेल." ते म्हणाले, "पाहू." तेवढ्यात घर आलं.

विनोबा पवनारहून १९५१ मध्ये पायी निघाले आणि तेरा वर्षं देशभर चालून १९६४ मध्ये परत आले. लोक त्यांना जमिनी द्यायचे. मला शाळेत प्रश्न पडायचा की रेल्वे असताना पायी कशाला? आता थोडा अंदाज येतो. रेल्वेतून उतरलेल्या माणसाला कोणी आपल्या जमिनीचं सांगत नाही.

फेब्रुवारीत घरी गेले तेव्हा आंबिया बहार फुलला होता. डिसेंबरमध्ये झाडांचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, झाड वाढ थांबवतं, आतल्या आत साठा करतं. मग पाणी सोडलं की एकदम फुलं. पहाटे पाच वाजता, गार हवेत, दोन्ही बाजूंना संत्र्याची फुलं असताना त्या पांदणीनं चालणं कसं असतं हे मला मराठीत सांगता येणार नाही. इंग्रजीतही नाही. वीस वर्षं मी याच गावात फेब्रुवारी काढले आणि बसच्या काचा बंद असायच्या. त्या दिवशी पावलं मोजायची राहिली. घरी आल्यावर लक्षात आलं.

बाबांचा नोव्हेंबरचा रिपोर्ट ७.६ होता. गोळ्या चालू आहेत, चहातली साखर गेली आहे, त्यामुळे सगळं श्रेय चालण्याला देता येणार नाही. सातच्या खाली आणायचंय.

त्याच फेब्रुवारीत एका सकाळी आजी अंगणात चप्पल घालून उभी होती. म्हणाली, "कडुनिंबापर्यंतच येतो." आम्ही तिघं निघालो. मध्येच ती बोलायला लागली. आजीचं माहेर मोवाडचं. ३० जुलै १९९१ ला वर्धेला पूर आला आणि मोवाड बुडालं. दोनशेच्या वर माणसं गेली. नंतर गाव उंचावर नव्या जागी वसवलं, हे मला माहीत होतं. आजी दुसऱ्या दिवशी आबाजींसोबत पायी तिकडे गेली होती, हे माहीत नव्हतं. बाबांनाही नाही. एसटी बंद, सडक वाहून गेलेली, चिखलातून. भाऊ जिवंत आहे का ते बघायला. भाऊ, वहिनी, पोरं एका माडीवर वाचली होती. शेजारचं घर नव्हतं. "सारी वाट मी देवाचं नाव नाई घेतलं," आजी म्हणाली. "निरे पाय पायत गेली. एक झाला का दुसरा."

बाबा काही बोलले नाहीत, मीही नाही. कडुनिंब आला, आम्ही वळलो.

परत येताना मी बघितलं, आजीला हात कुठे ठेवावे ते कळत नव्हतं. कधी पाठीमागे बांधायची, कधी पदराचं टोक धरायची, कधी डोक्याकडे न्यायची आणि खाली आणायची. पुलाजवळ बाभळीची वाळलेली फांदी पडली होती. आजी वाकली, मोडून तिच्या दोन काड्या केल्या आणि काखेत धरल्या. मग घरापर्यंत ती आमच्यापुढे चालत होती.